बटणांचा फोन आणि कालबाह्य सत्ये

सोलापुरात ज्याला सर्रास ‘बटणाचा मोबाईल’ म्हणतात, त्या साध्या भ्रमणध्वनीची सद्दी संपली, असे नवी पेठेतील दुकानांच्या झगमगत्या दर्शनी काचा पाहून ज्याला वाटेल, त्याने यंत्रमागाच्या खडखडाटातून क्षणभर बाहेर येऊन कानाशी हात नेणारा कामगार, कारखान्यात विड्यांचा हिशेब देऊन घरी परतणारी स्त्री आणि बाजार समितीच्या आवारातून कांद्याचा भाव गावाकडे कळवणारा शेतकरी यांच्या हातांकडे एकवार अवश्य पाहावे. ज्याची किंमत परवडते, जे एकदा चार्ज केले की दोन-तीन दिवस सहज चालते आणि हातून पडले तरी बहुधा शाबूत राहते, असे हे यंत्र कष्टकऱ्यांच्या संसारात आजही आपली जागा राखून आहे.

या यंत्राविषयी जे गैरसमज लोकांत रूढ आहेत, त्यांचा बारकाईने विचार केला असता असे ध्यानात येते, की त्यांतील बहुतेक समजुती निव्वळ थापा म्हणून जन्मलेल्या नाहीत. आपापल्या काळी त्या खऱ्याच होत्या. पुढे यंत्र बदलले, सरकारी नियम बदलले, न्यायालयाचे निवाडे झाले. परंतु त्या बदलांची वर्दी काही सर्वांपर्यंत पोहोचली नाही. म्हणून प्रत्येक समजुतीचे निरसन करताना, शक्य तेथे, तिचे मूळही सांगण्याची तजवीज येथे केली आहे.

गैरसमज 1 : नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज केलीच पाहिजे, आणि पुढेही ती पूर्ण उतरल्याखेरीज चार्जरला लावू नये.

वस्तुस्थिती : हा उपदेश निकेल-कॅडमियम जातीच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळचा आहे. त्या बॅटऱ्या वारंवार अर्ध्यावरच उतरवून पुन्हा भरल्या, तर त्यांची धारणशक्ती घटल्यासारखी होई, आणि म्हणून त्या पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा सल्ला तेव्हा रास्तच होता. आजच्या साध्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला हा दोष मुळीच नाही. ती हवी तेव्हा, हवी तितकी भरावी. पूर्ण भरल्यावर फोनमधील योजनाच प्रवाह थांबवते. उलट वारंवार शून्यावर नेल्याने तिचे आयुष्य घटते, आणि त्याहूनही अधिक अपाय तिला उष्णतेचा होतो. ज्या शहरात वैशाखातील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे पत्र्याच्या छपराखाली, उन्हात उभ्या केलेल्या वाहनात किंवा चुलीशेजारच्या कोनाड्यात फोन चार्जिंगला ठेवणे, हे बॅटरीचे नुकसान आपण होऊन ओढवून घेणे होय.

‘मोबाईलची बॅटरी फुटते’ या धास्तीलाही असेच ऐतिहासिक मूळ आहे. ऑगस्ट 2007 मध्ये नोकिया कंपनीने बीएल-5सी या अतिशय खपाच्या बॅटरीविषयी जाहीर सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या मुदतीत तयार केलेल्या सुमारे 4 कोटी 60 लाख नगांपैकी काही चार्ज होत असता अतिशय तापण्याचा संभव होता, आणि असे नग बदलून देण्याची तयारी कंपनीने दर्शवली होती. जगभरातून कळलेले असे प्रसंग सुमारे शंभर होते. परंतु भीती मात्र प्रत्येक खिशापर्यंत पोहोचली. त्या घटनेतून घ्यावयाचा बोध इतकाच, की बॅटरी फुगून फोनचे पाठीमागचे झाकण वर उचलू लागले, तर ती त्याच दिवशी बदलावी, आणि बदलताना निनावी मालाचा मोह टाळावा.

गैरसमज 2 : कोणतेही सिमकार्ड कोणत्याही साध्या फोनमध्ये चालते.

वस्तुस्थिती : सर्वच कंपन्यांची जाळी 2जी पद्धतीची होती, तोवर हे विधान बहुतांशी खरे होते. 2016 साली सेवेत उतरलेल्या जिओ कंपनीचे जाळे आरंभापासून 4जीचेच असल्यामुळे तिचे सिम जुन्या 2जी फोनमध्ये घातल्यास ‘नो सर्व्हिस’ एवढीच अक्षरे दिसतात, आणि मग गिऱ्हाईक सिमला दोष देते, दुकानदार फोनला. उलटपक्षी, 2017 साली जाहीर झालेल्या जिओफोनसारखे काही फोन दिसायला बटणांचे असले, तरी ते एकाच कंपनीच्या सिमशी बांधलेले असतात. म्हणून खरेदीपूर्वी खोक्यावर ‘4जी’ व ‘व्होल्टी’ हे शब्द आहेत की नाहीत, याची खातरजमा करावी.

सिम बसवण्याची क्रिया मात्र मुळीच अवघड नाही आणि ती स्वतःच्या हाताने केलेली बरी. फोन बंद करावा. पाठीमागच्या झाकणाच्या खाचेत अंगठ्याचे नख घालून ते अलगद सोडवावे. जेथे बारीक पितळी टोके टेकलेली असतात, त्याच्या विरुद्ध बाजूने बॅटरी वर उचलावी. तिच्याखाली सिमची खोबण दिसते आणि तिच्या कडेला सिमचे छोटे चित्र कोरलेले असते. त्या चित्रातील कापलेला कोपरा व हातातील सिमचा कापलेला कोपरा एका दिशेला ठेवून, सोनेरी बाजू खाली करून, सिम सरकवावे. हल्ली एकाच पत्र्यावर सिमचे तीन आकार आखलेले मिळतात. साध्या फोनच्या खोबणीला बहुधा मोठा किंवा मधला आकार लागतो, म्हणून खोबण पाहिल्याखेरीज सर्वांत लहान तुकडा मोडून काढू नये.

गैरसमज 3 : येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत, म्हणून रिचार्ज केले नाही तरी नंबर चालू राहतो, सोलापूरची हद्द ओलांडली, की मात्र रोमिंगचा भुर्दंड बसतो.

वस्तुस्थिती : या वाक्याच्या दोन्ही अर्धांत जुने सत्य व आजचे असत्य यांची सरमिसळ झाली आहे. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले, तेव्हापासून पुढे जवळजवळ आठ वर्षे फोन घेणाऱ्यालाही दाम मोजावे लागत. मे 2003 पासून येणारे फोन विनाशुल्क झाले आणि ‘नुसते उचलायला पैसे कशाला?’ ही समजूत त्यानंतर पक्की झाली. परंतु 2018 च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जच्या योजना अमलात आणल्या. तेव्हापासून योजनेची मुदत संपली, की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे फोनही थांबतात.

सेवा थांबणे वेगळे आणि नंबर कायमचा रद्द होणे वेगळे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग 90 दिवस न वापरल्याखेरीज कंपनीला तो रद्द करता येत नाही. त्या वेळी खात्यात निदान 20 रुपये शिल्लक असतील, तर तेवढी रक्कम कापून आणखी 30 दिवसांची मुदत मिळते. ‘इंटरनेट नको असले तरी त्याचे पैसे भरावेच लागतात’ ही तक्रारही काल-परवापर्यंत सार्थ होती. 23 डिसेंबर 2024 च्या नियमदुरुस्तीने मात्र केवळ बोलणे व संदेश यांपुरत्या योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि अशा योजनांची कमाल मुदत 365 दिवसांपर्यंत वाढवली. दुकानदार अशी योजना आपण होऊन पुढे करीलच असे नाही. ती नाव घेऊन मागावी.

रोमिंगविषयी सांगावयाचे, तर अक्कलकोट तालुक्यातील सीमेलगतच्या गावात घरबसल्या फोनवर कर्नाटकाचे नाव झळकते, आणि गाणगापूरला दर्शनास निघालेला यात्रेकरू त्या धास्तीने फोनच बंद करून ठेवतो. एके काळी दुसऱ्या दूरसंचार मंडळात शिरताच जादा आकार पडे, हे खरे. आजच्या नेहमीच्या योजनांत देशांतर्गत रोमिंग अंतर्भूत असते. फोन खुशाल चालू ठेवावा.

गैरसमज 4 : सिमला आधार जोडले नाही, तर नंबर बंद होतो.

वस्तुस्थिती : 2017 साली दूरसंचार विभागाने तसा हुकूम काढला होता, आणि त्यासाठी लोकांनी दुकानांपुढे रांगाही लावल्या होत्या. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 26 सप्टेंबर 2018 रोजी ही सक्ती रद्द ठरवली. नव्या सिमसाठी ओळख पटवावी लागते, हे निर्विवाद. मात्र त्यासाठी मतदार ओळखपत्रासारखा अन्य ग्राह्य दस्तऐवजही चालतो. तेव्हा ‘आजच्या आज आधार जोडा, नाहीतर नंबर तोडतो’ असा दम फोनवरून देणारा इसम भामटा समजावा.

आधारच्या दफ्तरात आपला मोबाईल नंबर नोंदवणे, ही याहून सर्वस्वी निराळी गोष्ट होय. ते काम आधार केंद्रात होते आणि ते उपयोगाचेही आहे. कारण पडताळणीचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. तो साध्या संदेशाच्या रूपाने येत असल्यामुळे ‘ओटीपीसाठी टचचा फोन लागतो’ हा समज निराधार ठरतो. सिम हरवले वा आकार बदलावा लागला म्हणून त्याच नंबराचे नवे सिम घेतले, तर मात्र पहिले चोवीस तास संदेशांची ये-जा बंद ठेवण्याचा नियम आहे. दुसऱ्याने परस्पर आपले सिम काढून बँकेचे ओटीपी लांबवू नयेत, म्हणून केलेला हा बंदोबस्त आहे. फोन बिघडला असे समजून त्या अवधीत तो दुरुस्तीला टाकू नये.

गैरसमज 5 : साध्या फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत.

वस्तुस्थिती : येतात, आणि इंटरनेटशिवाय येतात. *99# हा क्रमांक लावला असता पडद्यावर अक्षरांची यादी उमटते, आणि तीतून शिल्लक पाहता येते व एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. या सेवेसाठी भाषावार क्रमांकही ठरवलेले आहेत: मराठीसाठी *99*28#, तेलुगूसाठी *99*24#, कन्नडसाठी *99*26#, आणि ज्या शहरात या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, तेथे या सोयीचे मोल निराळे सांगणे नलगे. मात्र तुमची बँक आणि तुमच्या सिमचे जाळे ही सेवा देते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. ती सर्वत्र मिळतेच असे नाही. दुसरा मार्ग ‘यूपीआय 123पे’ हा. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 8 मार्च 2022 रोजी त्याचा आरंभ केला. यात ठरावीक क्रमांकावर फोन लावून, ध्वनिमुद्रित सूचना ऐकत, बटणे दाबून व्यवहार करता येतो. आरंभी त्याचीही मर्यादा 5,000 रुपये होती. ऑक्टोबर 2024 मध्ये ती 10,000 करण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले.

‘साध्या फोनवर फसवणूक होत नाही’ ही या गैरसमजाची दुसरी बाजू अधिक घातक आहे. कोणी सांगितले म्हणून *401* आणि त्यापुढे एखादा अनोळखी नंबर लावला, की आपले फोन त्या नंबराकडे वळत, आणि बोलून सांगितलेला ओटीपीही त्याच्याच कानी पडे. हा प्रकार इतका बोकाळला, की दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून अशा क्रमांकांवाटे फोन वळवण्याची सोयच तहकूब केली. दोन नियम तोंडपाठ असावेत: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, आणि पोलीस फोनवरून अटक करीत नाहीत. तरीही फसगत झालीच, तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

गैरसमज 6 : साधा फोन चोरीला गेला, तर फिर्यादीचा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती : फोनची किंमत थोडी असेल, त्यातील नंबराला बँक, आधार व गॅसची नोंदणी बांधलेली असते. म्हणून प्रथम कंपनीला कळवून सिम बंद करवावे, नंतर पोलिसांत तक्रार द्यावी. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो, आणि *#06# दाबताच तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. मे 2023 पासून देशभर सुरू झालेल्या संचार साथी व्यवस्थेत, तक्रारीच्या नकलेसह हा क्रमांक नोंदवला, की तो फोन देशातील सर्वच कंपन्यांच्या जाळ्यांवर निकामी करता येतो. जुना फोन विकत घेणाऱ्यानेही ‘केवायएम’ ही अक्षरे व पुढे हा क्रमांक लिहून 14422 वर संदेश पाठवावा. तो चोरीचा म्हणून नोंदला गेला असेल, तर उत्तरात कळते.

या साऱ्यांतून व्यवहाराला उपयोगी असा एकच निष्कर्ष निघतो: फोनविषयीचा कोणताही नियम कानी आला, की तो खरा की खोटा, एवढेच विचारून भागत नाही, तो कधीचा, हेही विचारले पाहिजे. दुकानदाराला वा नातवाला विचारण्यात कमीपणा नाही, मात्र पिन त्यांच्या हाती देऊ नये. आणि नवा फोन आणल्या दिवशीच त्याचा आयएमईआय क्रमांक, रिचार्जची तारीख, 1930 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे चार आकडे ठळक अक्षरांत कागदावर उतरवून तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवावा, कारण त्यांची गरज नेमकी तेव्हा पडते, जेव्हा फोन हाताशी नसतो.