सतरा जणांची नजर

आईच्या पैठणीचा फोटो फोटोबुकमध्ये छापून आला, तेव्हा तिचा झळझळीत निळा रंग जांभळट आणि मरगळलेला दिसत होता. निऱ्यांच्या चुण्या तर एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. फाइल तीच, मग रंग गेला कुठे?

खरं तर फाइलमध्ये रंग नसतोच. असतात ते आकडे. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. त्यांच्या १ कोटी ६७ लाखांहून जास्त जुळण्या होतात. पण ‘निळा २३०’ म्हणजे किती निळा? पाककृतीत ‘दोन चमचे मीठ’ लिहिलंय, पण चमचा केवढा ते लिहिलेलं नाही, तसंच हे. फाइलला जोडलेलं प्रोफाइल त्या चमच्याचं माप सांगतं. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये मांडलेलं ‘एसआरजीबी’ हे त्यातलं सर्वांत रुळलेलं माप. १९९८च्या ‘अ‍ॅडोबी आरजीबी’चा चमचा मोठा आहे, त्यातला हिरवा २५५ जास्त तीव्र हिरवा असतो.

पण चमचे तरी कशाशी ताडून पाहायचे? इथे मी थक्क होतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात डेव्हिड राइट यांनी दहा जणांना आणि टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी सात जणांना एका यंत्रात बघायला लावलं. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा प्रकाशाचा तुकडा, मधोमध दुभागलेला. एका बाजूला एकाच तरंगलांबीचा शुद्ध प्रकाश, दुसऱ्या बाजूला लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांचं मिश्रण. मधली रेघ नाहीशी होईपर्यंत दिव्यांचं प्रमाण कमीजास्त करायचं. कधी काही केल्या रेघ जायचीच नाही. तेव्हा तीनपैकी एक दिवा उचलून समोरच्या बाजूला मिसळावा लागे, आणि हिशेबात तो उणे मांडला जाई. या सतरा जणांच्या नजरेच्या सरासरीतून १९३१ साली ‘प्रमाण निरीक्षक’ ठरला. आज आपल्या पडद्याचा रंग छपाईयंत्राला समजावून सांगताना मधला दुभाषा म्हणून तीच नजर उभी असते.

छपाईत मात्र अडचण शाईची. पडदा प्रकाश देतो, शाई तो गिळते. भिंगाखाली आईची पैठणी पाहिली, तर निळी शाई कुठेच नाही. सायन आणि मॅजेंटाचे इवलेसे ठिपके, मधूनमधून कागदाचा पांढरा. मॅजेंटाने फक्त हिरवा प्रकाश गिळावा, पण खरी शाई थोडा निळाही गिळते. म्हणून पडद्यावरचे कित्येक निळे कागदावर उतरूच शकत नाहीत.

मग त्यांचं काय करायचं, हे आपण निवडायचं. एका पद्धतीत आवाक्याबाहेरचा प्रत्येक रंग जवळच्या कडेवर आणून बसवतात. चार वेगळे निळे एकाच जागी येतात, म्हणून चुण्या पुसल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत सगळेच रंग थोडे आत सरकतात, पण त्यांच्यातलं नातं टिकतं. कापडासाठी मला दुसरीच पटते.

या वेळी प्रेसचं प्रोफाइल मागून घेतलं, छापील रंग कसा दिसेल ते आधी पडद्यावर पाहिलं आणि मगच फाइल दिली. पान आलं, तसं खिडकीजवळच्या उजेडात नेलं. आईने कपाटातून पैठणी काढून शेजारी धरली. निळा तेवढा झळझळीत नाहीच. पण निऱ्या एकेक करून मोजता येतात.