दरबार, नभोवाणी आणि वस्तीतले गाणे

शास्त्रीय संगीत श्रेष्ठ आणि लोकप्रिय संगीत सवंग, अशी एक विभागणी आपल्या समाजात फार सहजपणे केली जाते. मुलाने राग आळवला की तो संस्कार ठरतो. चित्रपटातले किंवा वस्तीतले गाणे म्हटले की ती केवळ करमणूक ठरते. ही विभागणी स्वरांनीच घालून दिली आहे, असे मानण्याकडे आपला कल असतो. परंतु १९४० ते १९६० ह्या दोन दशकांचा इतिहास पाहिला तर निराळे चित्र दिसते. ह्या काळात ही रेघ कोणी ओढली, कशासाठी ओढली आणि गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी ती कितपत मानली, हे प्रस्तुत लेखात आम्ही मांडू इच्छितो.

आश्रयदाता बदलला

स्वातंत्र्यापूर्वी शास्त्रीय गायक-वादकांचा मोठा आधार म्हणजे संस्थाने. उस्ताद फैयाझ खाँ बडोद्याच्या दरबारी होते, उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या, तर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मैहरच्या. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि हा आधार गेला. संगीत परिषदा, शिकवण्या आणि तिकीट लावून होणाऱ्या मैफली होत्या. पण त्यांवर सर्वांचा चरितार्थ चालणे कठीण होते. ही पोकळी भरून काढण्याचे काम प्रामुख्याने नभोवाणीने केले. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारी रात्री देशभरच्या श्रोत्यांना मोठमोठे कलावंत घरबसल्या ऐकता येऊ लागले. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. ज्यांना दरबाराचा उंबरठा कधी ओलांडता आला नसता, अशा असंख्य माणसांच्या कानांवर ख्याल आणि सतारवादन पडले ते ह्यामुळेच. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मात्र आश्रयदाता निवडही करतो. नभोवाणीत शिरण्यासाठी ध्वनिपरीक्षा आली, श्रेणी आल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तर ज्या गायिकांचे खाजगी आयुष्य प्रतिष्ठितांना मान्य नव्हते, त्यांना हे दार बंद करण्यात आले. वस्तुतः ठुमरी, दादरा, कजरी हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जपले होते ते अशाच कलावंतिणींनी. त्यांचे गाणे हवे होते. त्या मात्र नको होत्या.

बंद झालेले दुसरे दार

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत चाहते. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कात्री चालली. जी गीते लागत, त्यांच्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणेही जाहिरात ठरते म्हणून बंद झाले. निर्मात्यांनी चिडून प्रक्षेपणाचे हक्क काढून घेतले आणि पाहता पाहता आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी काय केले? त्यांनी खटका फिरवला. कोलंबोहून लघुलहरींवर ऐकू येणारे रेडिओ सिलोन घराघरांत आणि हॉटेलांत लागू लागले. १९५२ च्या अखेरीस तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, त्या फिती कोलंबोला जात आणि तेथून तीच गाणी पुन्हा भारतात ऐकू येत. एका देशाने दाराबाहेर काढलेले गाणे शेजारच्या बेटावरून खिडकीने परत आले.

आकाशवाणीने पर्याय म्हणून कवी आणि संगीतकारांच्या मदतीने सुगम संगीताचे विभाग उभारले. मराठी भावगीताला त्याचा लाभ झाला. तरीही चित्रपटगीताची ओढ कमी झाली नाही. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये खुद्द आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली आणि बंद केलेले दार आपल्याच हाताने उघडले. लोकांची आवड हुकमाने घडत नाही, हा ह्या पाच वर्षांचा धडा आहे.

तीन मिनिटांतला राग

आता स्वरांकडे वळू. शास्त्रीय आणि चित्रपट संगीत ह्यांच्यात फरक आहे, पण तो उच्च-नीचतेचा नाही, मांडणीचा आहे. ख्यालगायक बारा मात्रांच्या विलंबित एकतालात एकच राग तासभर उलगडू शकतो. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी मात्र एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटेच वाजे. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यसंगीत बसवायचे असे. ताल बहुधा आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा. भावासाठी रागाबाहेरचा स्वर घेण्याची मुभा संगीतकाराला असे. रागाची शिस्त पाळणाऱ्या ख्यालगायकाला ती नसे.

ह्याच मर्यादेत त्या काळच्या संगीतकारांनी थोर काम केले. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटासाठी नौशादांनी उस्ताद अमीर खाँ आणि नाशिकला जन्मलेले पंडित द. वि. पलुस्कर ह्यांना गायला बोलाविले. त्याच चित्रपटात मालकंस रागातले एक भजन आहे. रिषभ आणि पंचम वर्ज्य, गंधार, धैवत व निषाद कोमल, असा हा गंभीर राग. तो ज्यांनी कधी नावानेही ऐकला नव्हता, अशा लाखो लोकांच्या ओठी बसला. ते भजन लिहिले शकील बदायुनी ह्यांनी, बांधले नौशादांनी आणि गायले महंमद रफींनी. पुढे वसंत देसाईंनी ‘झनक झनक पायल बाजे’साठी अमीर खाँ ह्यांचा अडाणा योजला, तर १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’साठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांची सनई. ज्या वर्षी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार बंद झाले, त्याच वर्षी चित्रपटाने राग घरोघर नेला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

शिवाय ह्या गाण्यांच्या वाद्यमेळात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा मोठा वाटा होता. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ह्यांच्यासारखे कलावंत संगीतकाराच्या चालीला व्हायोलिनच्या ताफ्याची भरजरी किनार लावीत. त्यांची नावे मात्र श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचली.

वस्तीतली पेटी

ह्या दोन्ही दारांच्या बाहेर आणखी एक गाणे होते. नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा ओळखीचा घाट घेऊन त्यांनी त्यात स्वाभिमानाचा आणि शिक्षणाचा आशय भरला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक १९४३ पासून गीते रचू लागले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आणि त्याच वर्षीच्या महापरिनिर्वाणानंतर वस्त्यावस्त्यांतून बुद्ध-भीमगीतांना बहर आला. लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली, कव्वालीचा ठेका, ढोलकी आणि पेटी, जे हाताशी होते त्यातून हे संगीत घडले.

पेटीची गोष्ट विशेष बोलकी आहे. तिचे स्वर पक्के असतात, मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, ह्या कारणास्तव १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. आक्षेप संगीतशास्त्राच्या दृष्टीने अगदी निराधार नव्हता. परंतु वस्तीत तीच पेटी सभेला माणसे जमवीत होती, निरक्षरांना इतिहास सांगत होती. जे वाद्य अभिरुचीच्या कसोटीला उतरले नाही, त्यानेच एका समाजाचा आवाज उचलून धरला.

ह्याचा अर्थ शास्त्रीय संगीताकडे पाठ फिरवावी असा नव्हे. रियाजाने कान तयार होतो, चित्त स्थिर होते. ती विद्या कोणा एका वर्गाची मिरास नाही आणि आपल्या मुलामुलींनी ती हक्काने शिकली पाहिजे. पण ती शिकताना आजीच्या ओव्या, शाहिराचा पोवाडा, वस्तीतले भीमगीत कमी प्रतीचे मानण्याची किंमत त्यांना मोजावी लागू नये. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींना त्या काळातली जी गाणी पाठ असतील, ती गाऊन घ्या, उतरवून ठेवा, ध्वनिमुद्रित करा. नभोवाणीने त्यांतील फार थोडी जपली. उरलेली माणसांच्या कंठात आहेत, आणि ते कंठ आता थकत चालले आहेत.