वरच्या मजल्यावरचा आवाज : कोणती तक्रार कोणत्या दारी न्यावी?

जबलपूर : सदनिकेत राहणाऱ्याला शेजारी निवडता येत नाही आणि शेजाऱ्याच्या घरातील आवाजाला बाहेरून कडीही घालता येत नाही. गोंडकालीन किल्ल्यावरून नाव मिळालेल्या जबलपूरच्या मदन महल भागातील बहुमजली इमारती असोत, की पुण्या-नागपुरातील गृहसंकुले, रात्रीचे अनुभव सारखेच आहेत. अकरानंतर डोक्यावर सरकणारी खुर्ची, पहाटे सुरू होणारा पाण्याचा पंप, भिंतीपलीकडचा दूरचित्रवाणी संच आणि गच्चीवरचा डीजे या सर्वांना आपण ‘आवाज’ या एकाच नावाने ओळखतो. त्यांवरचे उपाय मात्र वेगवेगळे आहेत. चुकीचे दार ठोठावले की झोप मिळत नाहीच, वर शेजारधर्मही दुखावतो.

कायदा काय मोजतो?

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० हे संपूर्ण देशाला लागू आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असू नये, असेही बंधन आहे. रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात मोठा आवाज करणारी बांधकाम यंत्रेही रात्री चालवता येत नाहीत. त्यामुळे शेजारच्या घरातील नूतनीकरणाचे ब्रेकर रात्री दहानंतर चालू असेल, तर तक्रारीला थेट आधार मिळतो.

मध्य प्रदेशात याखेरीज १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. ध्वनिक्षेपकांवरील नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्यासाठी जिल्ह्यांत भरारी पथके नेमण्याचे आदेश राज्य शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये दिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला. स्वतःच्या घरातही, शेजाऱ्याला उपद्रव होईल असा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

मर्यादेच्या आतला त्रास

तरीही सदनिकांमधील बहुतेक तक्रारी या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शांत झोपेसाठी शयनकक्षातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस केली होती. कायद्याची मर्यादा परिसरातील आवाजाची आहे, तर झोप मोडते ती खोलीत. वरच्या घरातील मुलाच्या धावण्याने आजारी वृद्धाची झोप मोडू शकते, परीक्षेचा अभ्यास अडू शकतो, पण त्याने कायदा मोडला असे म्हणता येत नाही.

याचे कारण बांधकामात आहे. बोलणे, गाणी, दूरचित्रवाणी यांचा आवाज हवेतून येतो. जाड भिंत आणि दारा-खिडक्यांच्या बुजवलेल्या फटी तो बऱ्याच अंशी अडवतात. पाऊल, खलबत्ता, सरकणारे टेबल यांचा आघात मात्र थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि काँक्रीटच्या सांगाड्यातून खाली व शेजारी पसरतो. स्लॅबवर थेट बसवलेल्या कडक फरशा तो शोषून घेत नाहीत. खालच्या घराने खिडक्या कितीही घट्ट लावल्या तरी त्याचा उपयोग होत नाही. असा आवाज जिथे निर्माण होतो तिथेच थांबवावा लागतो. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी किंवा नमद्याच्या टोप्या, चालण्या-खेळण्याच्या जागी जाड सतरंजी, धुलाई यंत्राखाली आणि पंपाखाली रबरी गाद्या, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. पण ते वरच्या घरानेच करायचे असतात. म्हणून या तक्रारीचे पहिले दार शेजाऱ्याचेच असते.

बोलणे, नोंद आणि मंडळ

मध्यरात्री संतापून बेल वाजवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सवडीने भेटणे हिताचे ठरते. अनेकदा आपला आवाज खाली जातो, याची वरच्या कुटुंबाला कल्पनाच नसते. ‘तुम्ही फार गोंगाट करता’ या वाक्याने वाद सुरू होतो. ‘रात्री अकराच्या सुमारास खुर्ची सरकल्याचा आवाज आमच्या खोलीत येतो, एकदा येऊन ऐकाल का?’ असे विचारले तर तोडगा निघण्याची शक्यता वाढते.

बोलून भागले नाही, तर तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार आणि कालावधी यांची दोन-तीन आठवड्यांची नोंद ठेवावी. भ्रमणध्वनीवरील डेसिबल मापक ॲप अधिकृत पुरावा ठरत नाही, पण त्रासाचे स्वरूप दाखवण्यास ते उपयोगी पडते. त्यानंतर रहिवासी मंडळाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. मध्य प्रदेशात प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० तर महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० ही मंडळांची चौकट आहे. दुरुस्तीकामाच्या वेळा, गच्चीचा वापर, पंप चालवण्याची वेळ याबाबत सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की प्रश्न दोन घरांच्या भांडणाचा न राहता सर्वांच्या शिस्तीचा होतो.

पोलीस आणि न्यायालय

रात्री दहानंतरचा डीजे, ध्वनिक्षेपक किंवा बांधकाम यंत्र यांसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. अशा वेळी ११२ क्रमांकावर किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार करावी. नियमांनुसार जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा राज्याने नेमलेला, उपअधीक्षकाहून कमी दर्जा नसलेला पोलीस अधिकारी लेखी आदेशाने आवाज बंद करवू शकतो. तक्रारदाराची ओळख उघड होण्याची भीती अनेकांना असते. ध्वनिक्षेपकांविषयीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ही ओळख गुप्त ठेवण्याचे निर्देश पोलिसांना दिले.

भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हा उपद्रव परिसरातील लोकांना होत असल्याचे दिसावे लागते. त्यामुळे अर्जावर अनेक रहिवाशांच्या सह्या असतील तर त्याचे वजन वाढते. त्रास एकाच घराला असेल, तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत दावापूर्व तडजोडीचा मार्गही खुला असतो.

थोडक्यात, यंत्राच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजाला कायदा पुरेसा आहे. पावलांच्या आणि भांड्यांच्या आवाजाला सतरंजी आणि संवाद लागतो. पहिल्या प्रकारात संकोच केल्याने त्रास लांबतो. दुसऱ्या प्रकारात घाईने पोलीस बोलावले, तर आवाज थांबण्याची खात्री नसते, पण ज्याच्या घरात सतरंजी अंथरायची आहे तोच शेजारी दुरावतो.