कथेतील अफाट ग्रंथालये आणि हरवलेली वाट



अध्यापनाच्या काळात एक गोष्ट वारंवार माझ्या ध्यानी आली. ज्या विद्यार्थ्याला खऱ्या ग्रंथालयाची पायरी चढण्याचा कंटाळा, तोच कथेतील गूढ ग्रंथालयाचे वर्णन आले की सावरून बसत असे. अंधारी दालने, संपता न संपणारी कपाटे, त्यांत कुठेतरी दडलेला एकच ग्रंथ! हे चित्र मनाला का भुलवते? ग्रंथांची संख्या हे त्याचे खरे कारण नव्हे. आपल्याला हवे असलेले उत्तर कोणीतरी लिहून ठेवले आहे, मात्र तेथवर जाण्याची वाट ठाऊक नाही, या भावनेत त्या आकर्षणाचे मूळ आहे. तिचा पूर्वार्ध आशेचा आणि उत्तरार्ध भयाचा. दोन कृतींच्या आधारे हे स्पष्ट करतो.

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची 'बाबेलचे ग्रंथालय' ही कथा १९४१ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी ते ब्वेनोस आइरेसमधील एका नगरपालिका ग्रंथालयात साध्या नोकरीवर होते. कथेतील ग्रंथालय म्हणजेच विश्व. षट्कोनी दालनामागून षट्कोनी दालन. प्रत्येक ग्रंथ ४१० पृष्ठांचा, पृष्ठावर ४० ओळी, ओळीत सुमारे ८० चिन्हे. मूळ चिन्हे अवघी २५. म्हणजे एका ग्रंथात सुमारे १३ लाख १२ हजार चिन्हे भरतात. त्यांच्या जितक्या जुळण्या संभवतात तितके ग्रंथ तेथे आहेत. आजवर लिहिले गेलेले आणि पुढे लिहिले जाऊ शकेल असे सर्व काही त्यांत आले. ग्रंथालयाची अचूक सूचीही आहे. परंतु तिच्या जोडीला असंख्य खोट्या सूची आहेत आणि खरी कोणती, हे सांगणारा कोणी नाही. लोक प्रथम हर्षभरित होतात, मग शोधून शोधून हताश होतात. वाट नसेल तर अपार ज्ञान आणि संपूर्ण अज्ञान यांत अंतर उरत नाही, हे या कथेचे मर्म.

उंबेर्तो एको या इटालियन लेखकाच्या १९८० सालच्या 'गुलाबाचे नाव' या कादंबरीत वाट आहे, पण ती अडवलेली आहे. काळ १३२७, स्थळ उत्तर इटलीतील एक मठ. तेथील ग्रंथालय चक्रव्यूहासारखे रचलेले; आत जाण्याचा अधिकार ग्रंथपाल व त्याचा साहाय्यक यांनाच. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा विनोदविषयक लुप्त भाग तेथे दडवलेला आहे. हास्याने भय नाहीसे होईल आणि भयाबरोबर श्रद्धाही ढळेल, या धास्तीने एक अंध वृद्ध साधू त्याची पाने विषारी करतो, अखेर ती स्वतःच खातो, आणि ग्रंथालय जळून जाते. त्याचे नाव होर्हे. बोर्हेस १९५५ साली राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, तेव्हा त्यांचीही दृष्टी जवळपास गेली होती. एकोंनी हे नाव त्यांच्यावरूनच घेतले. साम्य मात्र येथेच संपते.

दोन्ही कथांत उणीव एकच, वाट दाखवणाऱ्याची. ती उणीव राज्यकर्त्याने ओळखल्याचे उदाहरण आपल्या बडोद्याचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाची शास्त्रशुद्ध मांडणी झाली, ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले आणि पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. वाचकाने ग्रंथापाशी येण्याची वाट न पाहता ग्रंथच वाचकाकडे निघाले.

हे येथे सांगण्यास कारण आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतील मराठी पुस्तकांना आगीपेक्षा मोठे भय वाट बुजण्याचे आहे. आजोबांनी जिवापाड जपलेले कपाट घरात असते. नातवाचे शिक्षण अन्य माध्यमातून झालेले असते, आणि त्याच्या लेखी ते कपाट बाबेलहून निराळे नसते. अक्षरे दिसतात, अर्थ लागत नाही. पुढे जागा अपुरी पडते आणि संग्रह रद्दीत जातो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या घरच्या मराठी पुस्तकांची यादी करून तिची एक प्रत शाळेकडे द्यावी. शाळेने त्या याद्या एकत्र बांधून ठेवाव्यात. आणि यादी करताना घरातील एका मुलाला शेजारी बसवावे. पुस्तकाचे नाव त्याने मोठ्याने वाचावे, आपण लिहून घ्यावे. एखाद्या नावापाशी तो थांबला आणि "यात काय आहे?" असे त्याने विचारले, तर यादी बाजूला ठेवून ते पुस्तक उघडावे.