पहिल्या सिलिंडरवरचा अंगठा

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला पुणे–नाशिक रस्त्यानं येतात. नव्वदच्या दशकात त्यातले बरेच जण प्रीमियर पद्मिनीतून यायचे आणि वाटेत रुसलेली गाडी आमच्या वस्तादांच्या गॅरेजला लागायची. मी तिथं हाताखाली होतो.

अशीच एक पद्मिनी दोर लावून ओढत आणली. सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क, घासायला म्हणून कुणीतरी अख्खा डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उपसला होता. माणूस जाणता होता. काढण्याआधी त्यानं बॉडीवर खूण केली होती, रोटरचं तोंड कुठं आहे ते पाहिलं होतं आणि डेल्को तसाच परत बसवला होता. तरी सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फाडकन बार निघायचा. सगळे कार्ब्युरेटर खोलायच्या बेतात होते. वस्तादांनी एकच विचारलं, “डेल्को बाहेर असताना गाडी ढकलली का?” ढकलली होती, तीही गिअरमध्ये. त्यात इंजिन फिरलं आणि केलेल्या खुणा फुकट गेल्या.

मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला. मी भोकावर अंगठा धरला, दुसऱ्यानं पुढून हँडल हळूहळू फिरवलं. पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो आणि पुलीवरची खूणही दोन्ही वेळा जुळते. पण हवा अंगठा उचलते ती एकदाच, कॉम्प्रेशनला. ठिणगी तेव्हाच हवी. क्रँकच्या दोन फेऱ्यांत रोटर एक फेरी घेतो, म्हणून इथं चुकलं की रोटर थेट उलट्या बाजूला जातो. कॉम्प्रेशन धरून पुलीची खूण जुळवली, रोटर पहिल्या वायरीसमोर आणला आणि बाकीच्या वायरी १-३-४-२ या क्रमानं, रोटर फिरतो त्या दिशेनं लावल्या.

टायमिंगला आमच्याकडं साधा बारा व्होल्टचा बल्ब होता. आधी पॉइंटचा गॅप, मगच टायमिंग. कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. बल्बची एक वायर कॉइलकडून डेल्कोत येणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी ऑन करून डेल्को केसाकेसानं फिरवायचा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तिथंच नट आवळायचा. ही केसाएवढी सरक मोठी असते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर क्रँकचे १० अंश म्हणजे सेकंदाचा अठराशेवा भाग.

खरी परीक्षा मात्र रस्त्यावर व्हायची. डिंभ्याच्या पुढं भीमाशंकरच्या चढाला गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून पाय दाबायचा. खडखड आली तर टायमिंग पुढं गेलंय; गाडी मेल्यासारखी ओढत असेल, तापत असेल, तर मागं राहिलंय. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली की नीट लावलेलं टायमिंगही खडखडायचं. मग गिऱ्हाईक डेल्कोला बोल लावायचं आणि वस्ताद आधी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून हुंगायचे.

आणखी एक गोष्ट गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होती. चालू गाडीशेजारी ट्रान्झिस्टर ठेवला की त्यात खरखर यायची आणि रेस दिली की ती वाढायची. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या टाकतं आणि प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते. आमच्यापासून जवळच खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांना आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत टिपायचे असतात. त्यांना असली खरखर चालत नाही. हे कळल्यापासून ही खरखर दाबणाऱ्या प्लगच्या रेझिस्टन्सवाल्या वायरींकडं मी वेगळ्याच आदरानं पाहू लागलो.

आताच्या गाड्यांत डेल्को नाही. क्रँकजवळचा सेन्सर पिस्टनची जागा सांगतो आणि कॉम्प्युटर ठिणगी टाकतो. पण मूळ प्रश्न तोच आहे: पहिला पिस्टन आत्ता कुठं आहे? जुनी पद्मिनी किंवा पेट्रोल जीप जपणाऱ्यांनी डेल्कोला हात लावण्याआधी पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणावा, गाडी न्यूट्रलला ठेवून चाकांना उटी लावावी आणि नट सुटल्यापासून आवळेपर्यंत इंजिन हलू देऊ नये. आणि या कामाला घरातल्या पोरापोरींना सोबत घ्यावं. अंगठ्याला कॉम्प्रेशन एकदा कळलं की इंजिनची भीती जाते.