युद्धकाल आणि मतस्वातंत्र्य

शांततेच्या काळीं मतस्वातंत्र्याचा पुरस्कार कोणीहि करील. त्याची खरी कसोटी लागते ती युद्धकाळीं. सीमेवर रक्त सांडत असतां कोणी "हें युद्ध नको" म्हणूं लागला, कीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाहि तो शत्रूचा हस्तक वाटूं लागतो. अशा माणसाला दोन बाजूंनीं पीडा संभवते. एक सरकारकडून व दुसरी लोकांकडून. या दोन्ही पीडा भिन्न आहेत व त्यांवरील उपायहि भिन्न आहेत, हें तीन उदाहरणांवरून मांडण्याचा माझा विचार आहे.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज यांचें. अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्यें पहिल्या महायुद्धांत उतरली आणि जूनमध्यें तेथें हेरगिरीचा कायदा झाला. नांव हेरगिरीचें असलें, तरी सैन्यभरतींत अडथळा आणणें हाहि त्यांत गुन्हा होता. आणि असा अडथळा भाषणानेंहि येतो, असा अर्थ सरकारनें लावला. १६ जून १९१८ रोजीं डेब्ज यांनीं ओहायोमधील कॅन्टन गांवीं युद्धाविरुद्ध भाषण केलें. त्याबद्दल त्यांस दहा वर्षांची शिक्षा झाली व १० मार्च १९१९ रोजीं तेथील सुप्रीम कोर्टानें ती एकमतानें कायम केली. निकाल न्यायमूर्ति होम्स यांनीं लिहिला. त्याच्या आदल्याच आठवड्यांत दुसऱ्या एका खटल्यांत त्यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, नाटकगृहांत आगीची खोटी हूल उठविणाऱ्यास भाषणस्वातंत्र्याचा आश्रय घेतां येत नाहीं. दृष्टांत मोठा ठसठशीत खरा. परंतु तो येथें लागू पडत नाहीं. आगीची हूल देणारा प्रेक्षकांना विचारास अवसरच देत नाहीं. डेब्ज यांच्या श्रोत्यांना त्यांचें म्हणणें स्वीकारण्यास किंवा झिडकारण्यास पुरेसा अवसर होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत होम्स यांनींच एका खटल्यांत बहुमताशीं फारकत घेऊन नावडत्या मतांची बाजू उचलून धरली. डेब्ज यांनीं १९२० ची अध्यक्षाची निवडणूक तुरुंगांतून लढविली व त्यांस नऊ लाखांवर मतें पडलीं. १९२१ च्या नाताळांत ते सुटले. कायदा मात्र सावकाश पालटला. तात्काळ बेकायदा कृत्य घडविण्याच्या हेतूनें केलेली, व तें घडण्याचा संभव असलेली, चिथावणीच तेवढी दंडनीय, हा नियम तेथें १९६९ सालीं ठरला.

दुसरें उदाहरण मिस जॅनेट रॅन्किन यांचें. अमेरिकन काँग्रेसमध्यें निवडून आलेल्या या पहिल्या स्त्री. १९१७ सालीं युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या पन्नास प्रतिनिधींत त्या होत्या. १९४० मध्यें त्या पुन्हा निवडून आल्या. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. सुमारें २४०० अमेरिकन प्राणांस मुकले. दुसऱ्या दिवशीं युद्धाचा ठराव प्रतिनिधिगृहापुढें आला. अनुकूल मतें ३८८, प्रतिकूल एकच, आणि तें रॅन्किनबाईंचें. सभागृहांत धिक्काराचे आवाज उठले. बाहेर पडतांच लोकांनीं व वार्ताहरांनीं त्यांस असें घेरलें, कीं टेलिफोनच्या कोंदट खोलींत शिरून त्यांस पोलिसांना बोलवावें लागलें. सभागृहांतील मताबद्दल कोणताहि कायदा त्यांस स्पर्श करूं शकत नव्हता. तथापि आपल्या कचेरीपर्यंत जाण्यास त्यांस पहारा लागला! १९४२ सालीं त्या निवडणुकीस उभ्याच राहिल्या नाहींत. पुढें गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठीं त्या अनेक वेळां हिंदुस्थानांत आल्या.

तिसरें उदाहरण आपल्या घरचें. १९३९ सालीं व्हाइसरॉयांनीं हिंदी पुढाऱ्यांस न विचारतां हिंदुस्थानास युद्धांत ओढलें. पुढल्या वर्षीं गांधीजींनीं युद्धाविरुद्ध प्रचार करण्याची मोकळीक मागितली. व्हाइसरॉयांचें उत्तर असें, कीं युद्ध न मानणाऱ्यानें आपली श्रद्धा बोलून दाखवावी. परंतु सैनिकांस किंवा युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांस परावृत्त करूं नये. म्हणजे मत बाळगावें, पण तें कोणास पटवूं नये! यांतून वैयक्तिक सत्याग्रह उद्भवला. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्ध्याजवळच्या पवनार येथें विनोबा भावे यांनीं युद्धविरोधी भाषण करून त्याचा आरंभ केला. चारच दिवसांत त्यांस अटक झाली व तीन महिन्यांची शिक्षा मिळाली. दुसरे सत्याग्रही पंडित नेहरू. त्यांस सत्याग्रहाची पाळी येण्यापूर्वींच पकडलें व चार वर्षांची शिक्षा ठोठावली.

आतां कोणी विचारील, ज्यांचे पुत्र रणांगणावर आहेत त्यांनीं हें निमूटपणें ऐकून घ्यावें काय? मुळींच नाहीं. त्यांचा संताप खरा आहे, व तो व्यक्त करण्याचा अधिकारहि त्यांचाच आहे. त्यांनीं कडक उत्तर द्यावें, सभेंतून उठून जावें, पुढील निवडणुकींत मत देऊं नये. हें सारें मतस्वातंत्र्यच होय. परंतु उत्तर देणें निराळें व तोंड बंद करणें निराळें. वाट अडविली, पोटावर पाय दिला, घरावर दगड टाकले, कीं चर्चा संपली. सरकारच्या जुलमास न्यायालय व कायदा हे उपाय आहेत. जमावाच्या जुलमास प्रत्येकाच्या मनाच्या संयमावांचून दुसरा उपाय नाहीं.

रॅन्किनबाईंचें मत बरोबर होतें, असें मानण्याचें कारण नाहीं. पुष्कळ विचारी माणसें तें चूकच समजतात. पण एक नकार देतां आला म्हणूनच उरलेल्या ३८८ होकारांस मत म्हणतां येतें. नाहीं म्हणण्याची मुभा ज्या सभेंत नाहीं, तेथील होकार हा केवळ हुकुमाचा प्रतिध्वनि होय.