पाच मिनिटांचं काम आणि शिडी : मृगाच्या आधी हे एकदा वाचा



पाण्यात उतरताना आपण सावध असतो. वारा बघतो, होडीचा तळ बघतो, पोरांना ओरडतो. पण त्याच होडीला रंग द्यायला किंवा घराचे पत्रे ठोकायला वर चढायचं झालं, की ती सावधगिरी कुठं जाते कोण जाणे. हातात येईल ती शिडी लावायची आणि चढायचं. आपल्या मैलूर-बीदरकडं तिला कुणी निसणही म्हणतं. नाव काही असो, पडणारा सारखाच पडतो.

मृग लागायच्या आधीचे दिवस या कामांचे. आपल्याकडं माळवद बघायचं असतं, पत्रे बसवायचे असतात, कारंजाच्या काठावर होड्या उलट्या करून डागडुजी चालते. तिकडं पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा मोठ्या बोटी ओढून वर घेतात आणि त्यांच्या अंगाला शिड्या लागतात. काम वेगळं, धोका एकच.

दहा फुटांचं काय एवढं?
दहा फूट म्हणजे साधारण ३ मीटर. तेवढ्यावरून माणूस पाऊण सेकंदात खाली येतो आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास असतो. पाऊण सेकंदात हात पुढं करायलाही सुचत नाही. खाली शहाबादी फरशी असली तर विचारायलाच नको.

"आजवर काही झालं नाही"
हे सगळ्यात फसवं वाक्य. कच्च्या पायरीवर वीस वेळा चढलो आणि ती मोडली नाही, म्हणून ती पक्की ठरत नाही. दर खेपेला ती थोडी थोडी ढिली होत असते. जाळ्याचा दोर एकदम तुटत नाही, आधी आतून झिजतो, हे आपल्याला माहीत आहे. शिडीचंही तसंच.

लावायची कशी?
हिशोब सोपा आहे, चारास एक. शिडी जिथं टेकते ती जागा ४ मीटर उंच असेल, तर शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटर लांब हवा. फार उभी लावली तर मागं उलटते, फार तिरकी लावली तर पाय सरकतो. छतावर उतरायचं असेल, तर शिडी छताच्या काठावर हातभर नव्हे, चांगली ३ फूट तरी वर आलेली पाहिजे, म्हणजे धरायला आधार राहतो. वरचं टोक दोरीनं बांधून टाका. गाठ मारायला आपल्याला कुणी शिकवायला नको! बांधून होईपर्यंत खाली एकानं धरून उभं राहायचं.

होडीला किंवा बोटीला शिडी लावताना ती टेकूवर कधीच टेकवू नका. टेकू हलला तर शिडीही जाईल आणि बोटही अंगावर येईल.

चढताना
दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असं तीन ठिकाणी अंग कायम टेकलेलं हवं. म्हणून हातात हातोडा, डबा घेऊन चढायचं नाही. बादली दोरीनं मागून वर ओढा. हाताला माशाचा बुळबुळीतपणा किंवा तेल असेल तर आधी धुऊन पुसा. लांबचं गाठायला कमरेतून वाकू नका. खाली उतरा, शिडी सरकवा, परत चढा. यात दोन मिनिटं जातात. तीच दोन मिनिटं वाचवायला जाऊन माणूस पडतो.

माशांचे क्रेट किंवा ड्रम एकावर एक रचून त्यावर उभं राहणं म्हणजे शिडी नव्हे.

शिडी तपासा
बांबू चिरलाय का, भुंग्यानं पोखरलाय का ते बघा. नायलॉनचा दोर उन्हानं कुजतो, बांधणी दरवर्षी नवी करा. आणि बोटीचा उरलेला रंग शिडीला फासू नका. रंगाखाली चीर दिसत नाही. तेल लावा, ते चालतं.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊच नका. ओला बांबूसुद्धा वीज वाहून नेतो.

शिडी खाली सोडताना
जुनी विहीर किंवा बोटीचा बंद मासळीचा कप्पा, इथं पडण्याइतकाच विषारी वायूचा धोका असतो. कुजलेल्या मासळीतून, गाळातून वायू सुटतो. आधी वास येतो, मग नाकाला तो वासही कळेनासा होतो. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. आतला माणूस पडला, तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही तिथंच राहतो. कमरेला दोर बांधूनच माणूस खाली सोडा, म्हणजे वरूनच ओढता येतो. शंका असेल तर उतरूच नका.

कुणी पडलंच तर
हातपाय धरून उचलू नका, बसवू नका. मणक्याला मार असेल तर हलवल्यानं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. १०८ ला फोन करा, मान स्थिर ठेवा.

विम्याचं बघून ठेवा
प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. वय १८ ते ७० हवं. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. मुदत ३१ मेला संपते, तेव्हा खात्यात पैसे ठेवा. मत्स्य संपदा योजनेतल्या मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आहेत आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. आपलं नाव यादीत आहे का, ते संस्थेत येऊन विचारा.

पण विम्याचे पैसे घरच्यांना मिळतात, घरचा माणूस मिळत नाही. म्हणून उद्या कुणी "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणत चढायला लागला, तर दादा असो, काका असो, त्याला थांबवा आणि आधी शिडी धरा.